वेग, वेळ, अंतराची शाब्दिक उदाहरणं: समीकरण मांडण्याआधीचं काम आणि नंतरचा ताळा

“गणित समजलं, पण समीकरणच बनून नाही राहिलं.” वेग-अंतराचं शाब्दिक उदाहरण फळ्यावर आलं की यवतमाळपासून गोंदियापर्यंतच्या कोणत्याही गावच्या वर्गात ही तक्रार ऐकू येते. तीच मुलं तयार समीकरण दिलं तर दोन मिनिटांत सोडवतात. म्हणजे बीजगणित कच्चं नाही. उदाहरण एकदा वाचायचं, लगेच ‘समजा क्ष’ लिहायचं, दिसतील त्या संख्या क्षभोवती मांडायच्या आणि अंदाजाने मध्ये बरोबरचं चिन्ह टाकायचं, या सवयीने घोळ होतो.

समीकरण म्हणजे एकाच गोष्टीचं माप दोन वाटांनी काढून समोरासमोर ठेवणं. म्हणून आधी ‘क्ष कोण’ हे शोधू नका, ‘सारखं काय’ हे शोधा. बंडीने (म्हणजे बैलगाडीने) आणि सायकलीने कापलेलं अंतर सारखं असेल, किंवा दोन फेऱ्यांच्या वेळांतला फरक दिलेल्या मिनिटांइतका असेल. ते सापडलं की समीकरण लिहिणं एका ओळीचं काम आहे.

दहावीच्या गणित भाग १ मध्ये ही उदाहरणं पहिल्या दोन प्रकरणांत येतात, दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे. पुस्तकात चलांसाठी एक्स आणि वाय आहेत, इथे क्ष आणि य वापरले आहेत. वहीत काहीही लिहा, पण एका उदाहरणात एकच पद्धत ठेवा.

## तयारी: पान कसं आखायचं

वहीच्या पानाच्या उजवीकडे चार बोटं जागा सोडून उभी रेघ मारा. ती पट्टी एकक बदलणं, लसावि, गुणाकार अशा कच्च्या कामासाठी. डावीकडे वरून खाली चारच गोष्टी येतील: चित्र, तक्ता, समीकरण, उत्तर. ही जागा आधी सोडली नाही तर चित्र काढलंच जात नाही. कच्चं काम खोडू नका. चूक शोधायची वेळ आली की ती बहुतेक वेळा त्या पट्टीतच सापडते.

सूत्र एकच पाठ ठेवा: अंतर = वेग × वेळ. वेग हवा असेल तर अंतराला वेळेने भागा, वेळ हवी असेल तर अंतराला वेगाने भागा. तीन सूत्रं वेगवेगळी पाठ केली की परीक्षेत ती एकमेकांत मिसळतात.

## टप्पा १. पेन खाली ठेवून तीनदा वाचा

पहिल्या वाचनात एवढंच पाहा: कोण हलतंय, आणि किती जण? एकच एसटी दोन वेगवेगळ्या वेगांनी जात असेल तर गणितासाठी त्या दोन एसट्या आहेत.

दुसऱ्या वाचनात शेवटचं वाक्य. काय विचारलंय त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. वेग, अंतर, किती वाजता, की घरापासून किती दूर? क्षची किंमत निघाली की मुलं थांबतात, आणि प्रश्न भलताच असतो. हे गुण फुकट जातात.

तिसऱ्या वाचनात शब्दांकडे बघा. खरा फास मराठीच्या प्रत्ययात असतो:

- ‘वेग १० किमीने वाढवला’ म्हणजे क्ष + १०.
- ‘वेग १० किमी केला’ म्हणजे नवा वेगच १०. इथे अधिक काही नाही.
- ‘वेग दुप्पट केला’ म्हणजे २क्ष. क्ष + २ नाही.
- ‘तेवढ्याच वेळात’ हे दोन वेळा सारख्या असल्याचं सांगतं. या शब्दाला गोल करा, समीकरण बहुधा तिथेच आहे.
- ‘त्याच रस्त्याने परत’ म्हणजे अंतर सारखं.
- ‘अर्धा तास आधी निघाला’ आणि ‘अर्धा तास आधी पोहोचला’ यांत एकाच शब्दाचे दोन परिणाम होतात. आधी निघालेला वाटेत जास्त वेळ असू शकतो. एकाच वेळी निघून आधी पोहोचलेला वाटेत नक्कीच कमी वेळ असतो.

तपासा: उदाहरण न बघता ते शेजारच्याला आपल्या शब्दांत सांगता येतं का? नसेल तर चौथ्यांदा वाचा.

## टप्पा २. एककं जुळवा, तक्त्याच्या आधीच

आपल्याकडे वेळ सांगताना सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हेच शब्द तोंडात असतात. बोलताना ते अचूक असतात, पण वहीत उतरताना बिघडतात. सव्वा तास म्हणजे १ तास १५ मिनिटं, म्हणून मुलं १.१५ लिहितात. १.१५ तास म्हणजे १.१५ × ६० = ६९ मिनिटं. सव्वा तासाची मिनिटं मात्र ७५. सहा मिनिटं वाटेतच हरवली!

या शब्दांना दशांशात नेऊच नका, सरळ अपूर्णांकात न्या. पाऊण ३/४, सव्वा ५/४, दीड ३/२, पावणेदोन ७/४, सव्वादोन ९/४, अडीच ५/२, साडेसात १५/२. मिनिटं असतील तर छेद ६०: वीस मिनिटं २०/६० = १/३ तास.

घड्याळातल्या वेळांची वजाबाकी हा दुसरा खड्डा. एसटी ९:४० ला सुटली, १२:१० ला पोहोचली. कॅल्क्युलेटरसारखं १२.१० − ९.४० केलं की २.७० येतं, आणि ‘दोन तास सत्तर मिनिटं’ असं कुणी लिहिलेलंही सापडतं. पायऱ्या चढत मोजा: ९:४० ते १० वीस मिनिटं, १० ते १२ दोन तास, पुढे दहा मिनिटं. एकूण अडीच तास. वाटेत फाट्यावर दहा मिनिटं थांबली असेल आणि चालतीचा वेग विचारला असेल तर ती दहा मिनिटं वजा करून २ तास २० मिनिटं, म्हणजे ७/३ तास घ्या. सरासरी वेग विचारला असेल तर थांबाही वेळेत धरा.

मीटर आणि सेकंद आले की किमी/तासला ५/१८ ने गुणा, उलट जायचं असेल तर १८/५ ने. ५/१८ आलं कुठून? १००० मीटर भागिले ३६०० सेकंद. विसरलात तर एवढ्यावरून पुन्हा काढता येतं. ३६ किमी/तास = १० मी/से ही एक जोडी लक्षात ठेवली की गुणायचं कशाने हा संभ्रमही मिटतो. मी/सेचा आकडा नेहमी लहान असतो.

सावधान: वेग किमी/तास असेल तर वेळ तासातच हवी. ‘नंतर बदलतो’ म्हणून मिनिटं तशीच ठेवली की नंतर ती कुणालाच आठवत नाहीत.

## टप्पा ३. एक आडवी रेघ काढा

यापुढचे टप्पे एका उदाहरणावर करू.

> कापसाने भरलेली बंडी सकाळी ६ वाजता घरून जिनिंगच्या कारखान्याकडे निघाली. तिचा वेग ताशी ४ किमी. आधार कार्ड घरीच राहिल्याचं लक्षात आल्यावर मुलगा साडेसात वाजता सायकलने त्याच रस्त्याने निघाला. त्याचा वेग ताशी १६ किमी. तो बंडीला किती वाजता आणि घरापासून किती अंतरावर गाठेल?

आडवी रेघ. डाव्या टोकाला ‘घर’. मध्ये कुठेतरी फुली मारून ‘गाठ’. घरापासून गाठीपर्यंत रेघेच्या वर एक बाण, ‘बंडी, ६:०० पासून’. रेघेच्या खाली दुसरा बाण, ‘सायकल, ७:३० पासून’. बैल काढायची गरज नाही.

दोन्ही बाण घरापासून सुरू होतात आणि फुलीशी संपतात. दोघांचं अंतर सारखं आहे, हे एकही आकडेमोड न करता दिसलं. हे चित्र ज्यांनी टाळलं त्यांनी इथे दोघांची अंतरं बेरजेत घेतलेली दिसतात, कारण आधीचं उदाहरण समोरासमोरून येणाऱ्यांचं होतं.

## टप्पा ४. तीन रकान्यांचा तक्ता

आता क्ष ठरवा. शक्यतो जो उशिरा निघाला त्याची वेळ क्ष माना, म्हणजे दुसऱ्याची वेळ बेरजेने लिहिता येते. आणि ‘समजा वेळ क्ष’ एवढंच लिहू नका. कुणाची वेळ, कुठून कुठपर्यंत, कोणत्या एककात, हे पूर्ण वाक्य लिहा: ‘सायकल निघाल्यापासून बंडी गाठेपर्यंतची वेळ क्ष तास मानू.’

| | वेग (किमी/तास) | वेळ (तास) | अंतर (किमी) |
|---|---|---|---|
| बंडी | ४ | क्ष + ३/२ | ४(क्ष + ३/२) |
| सायकल | १६ | क्ष | १६क्ष |

तक्ता भरण्याचा नियम कडक आहे. दोन रकाने उदाहरणातून भरायचे, तिसरा रकाना फक्त सूत्राने भरायचा. उदाहरणातून नाही, अंदाजाने तर नाहीच. या नियमामुळे शेवटी एक माहिती न वापरलेली शिल्लक राहते, आणि समीकरण तिचंच होतं. तीच माहिती तक्त्यात आणि समीकरणात दोन्हीकडे वापरली तर शेवटी ० = ० उरतं. असं झालं की आकडेमोड पुन्हा तपासत बसू नका. कुठली माहिती दोनदा वापरली ते शोधा.

दुसरी चूक चिन्हाची. मुलगा ‘नंतर’ निघाला म्हणून बंडीची वेळ क्ष − ३/२ लिहिली जाते. मग उत्तर क्ष = −१/२ येतं, आणि उणे खोडून पुढे जायचा मोह होतो, कारण आकडा ओळखीचा असतो. उणे वेळ तुम्हाला सांगत असते की चिन्ह उलटं पडलंय. मागे जा. घड्याळावर बोट ठेवून विचारा: गाठ पडली तेव्हा वाटेत जास्त वेळ कोण होतं? सहाला निघालेली बंडी.

## टप्पा ५. ‘सारखं काय’ ते वाक्यात लिहा, मग समीकरण

वाक्य: *बंडीने कापलेलं अंतर = सायकलीने कापलेलं अंतर.*

४(क्ष + ३/२) = १६क्ष
४क्ष + ६ = १६क्ष
१२क्ष = ६
क्ष = १/२

क्ष मिळाला, पण प्रश्न बाकी आहे. साडेसातनंतर अर्धा तास म्हणजे सकाळी ८ वाजता, आणि अंतर १६ × १/२ = ८ किमी. टप्पा १ मधली पेन्सिलीची रेघ इथे कामाला येते.

सारखेपण दर वेळी असं उघडं नसतं. वेळेच्या फरकाचं एक उदाहरण घ्या, यात सगळ्यात जास्त जण घसरतात:

> एक मुलगी गावाहून तालुक्याच्या शाळेत सायकलने जाते. वेग ताशी १२ किमी ठेवला तर ५ मिनिटं उशीर होतो, ताशी १५ किमी ठेवला तर ४ मिनिटं आधी पोहोचते. शाळा किती दूर?

इथे रस्त्याच्या रेघेपेक्षा वेळेची रेघ काढा. मध्यावर ‘घंटा’. घंटेच्या उजवीकडे ५ मिनिटांवर एक खूण, डावीकडे ४ मिनिटांवर दुसरी. दोन खुणांमधलं अंतर ९ मिनिटं. चित्र नसेल तर हमखास ५ − ४ = १ केलं जातं. नियम पाठ करायचा नाही, खुणा घंटेच्या कोणत्या बाजूला आहेत ते बघायचं. दोन्ही वेळा उशीर होत असता, समजा १० मिनिटं आणि ४ मिनिटं, तर दोन्ही खुणा उजवीकडे पडून फरक ६ आला असता.

अंतर क्ष किमी मानलं की सूत्राने वेळा क्ष/१२ आणि क्ष/१५ तास. जास्त वेळ कमी वेगाला लागतो, म्हणून तो आधी लिहा:

क्ष/१२ − क्ष/१५ = ९/६०

लसावि ६०. डावी बाजू (५क्ष − ४क्ष)/६० = क्ष/६०. म्हणून क्ष = ९ किमी.

आता चुकीची उत्तरं काय बोलतात ते बघा. उजवीकडे ९/६० ऐवजी नुसतं ९ लिहिलं तर क्ष = ५४० येतो. रोज ५४० किमी सायकल! फरक १ मिनिट घेतला तर क्ष = १ किमी. हे उत्तर दिसायला साळसूद आहे, पण ताशी १२ किमी वेगाने १ किमीला ५ मिनिटं लागतात, आणि ५ मिनिटं उशीर झाला म्हणजे ती घरून निघाली त्याच क्षणी घंटा झालेली असायला हवी. उत्तर उदाहरणात परत टाकलं की खोटं असं लगेच उघडं पडतं.

तपासा: समीकरणाच्या दोन्ही बाजू एकाच जातीच्या आहेत का? डावीकडे तास आणि उजवीकडे किमी असेल तर पुढची एकही ओळ सोडवू नका.

## टप्पा ६. दोन चलं लागतात तेव्हा

दोघांचे वेग माहीत नाहीत आणि माहितीची वाक्यं दोन आहेत, असं दिसलं की दोन चलं घ्या. एका चलात कोंबायचा अट्टहास नको.

> ३० किमी अंतरावरच्या दोन गावांहून दोन सायकलस्वार एकाच वेळी निघाले. समोरासमोर आले तर सव्वा तासाने भेटतात. एकाच दिशेने गेले तर वेगवान स्वार साडेसात तासांनी दुसऱ्याला गाठतो. दोघांचे वेग काढा.

(साडेसात तास कुणी कुणाचा पाठलाग सायकलने करत नाही. पाठ्यपुस्तकी उदाहरणात तेवढं चालवून घ्या.)

वेगवान स्वाराचा वेग क्ष, दुसऱ्याचा य. समोरासमोर येताना दोघांची अंतरं मिळून ३० होतात: (५/४)(क्ष + य) = ३०, म्हणून क्ष + य = २४. एका दिशेने जाताना वेगवान स्वाराला दुसऱ्यापेक्षा ३० किमी जास्त जावं लागतं: (१५/२)(क्ष − य) = ३०, म्हणून क्ष − य = ४. बेरीज केली की २क्ष = २८, क्ष = १४, य = १०.

‘समोरासमोर बेरीज, एका दिशेला वजाबाकी’ हे अनेकांना पाठ असतं, तरी ते वेगाऐवजी वेळेला लावतात. वेळ दोघांची एकच आहे, तिची बेरीज होत नाही. बेरीज-वजाबाकी वेगांची.

नदीचं उदाहरण याच घरचं आहे, फक्त इथे एक वेग पाण्याचा. वैनगंगेकाठच्या मुलांना हे सांगावं लागत नाही. बुलढाणा-वाशीमकडे ज्यांनी नाव चालवलेली नाही त्यांनी वारा डोक्यात आणावा: पाठीवर वारा असला की सायकल आपोआप पळते, तोच वारा समोरून आला की पायडल जड होतं. संथ पाण्यात नावेचा वेग क्ष आणि प्रवाहाचा य असेल तर प्रवाहाबरोबर क्ष + य, प्रवाहाविरुद्ध क्ष − य.

> एक नाव प्रवाहाबरोबर १६ किमी आणि प्रवाहाविरुद्ध ८ किमी असं एकूण ४ तासांत जाते. प्रवाहाबरोबर २४ किमी आणि प्रवाहाविरुद्ध १६ किमी जायला तिला ७ तास लागतात. नावेचा संथ पाण्यातील वेग आणि प्रवाहाचा वेग काढा.

इथे बेरीज वेळांची आहे, म्हणून प्रत्येक अंतर वेगाने भागायचं:

१६/(क्ष + य) + ८/(क्ष − य) = ४
२४/(क्ष + य) + १६/(क्ष − य) = ७

ही समीकरणं सरळ सोडवायला गेलात तर छेदांचा गुंता होतो. १/(क्ष + य) = प आणि १/(क्ष − य) = फ माना:

१६प + ८फ = ४
२४प + १६फ = ७

पहिल्याला २ ने गुणा, ३२प + १६फ = ८. त्यातून दुसरं वजा करा, ८प = १, प = १/८. मग २ + ८फ = ४, फ = १/४.

सावधान: प हा वेग नाही. तो वेगाचा व्यस्त आहे, १ किमीला लागणारे तास. वह्यांमध्ये इथे दोन चुका सापडतात. कुणी ‘वेग १/८’ लिहून थांबतो, तर कुणी क्ष + य = १/८ लिहून पुढे जातो. उलटा: क्ष + य = ८, क्ष − य = ४. म्हणून नावेचा वेग ६, प्रवाहाचा २ किमी/तास. क्ष हा यपेक्षा मोठा आहे ना, तेही बघा. नसता तर नाव प्रवाहाविरुद्ध गेलीच नसती.

## टप्पा ७. वर्गसमीकरण उभं राहिलं तर घाबरू नका

क्ष छेदात दोन जागी आला की समीकरण वर्गाचं होतं. मांडणी मात्र तीच.

> नागपूर ते अमरावती १५० किमी धरू. एसटीचा सरासरी वेग ताशी १० किमीने जास्त असता तर पाऊण तास कमी लागला असता. एसटीचा मूळ सरासरी वेग काढा.

| | अंतर | वेग | वेळ |
|---|---|---|---|
| प्रत्यक्ष | १५० | क्ष | १५०/क्ष |
| वेग वाढवून | १५० | क्ष + १० | १५०/(क्ष + १०) |

न वापरलेली माहिती: वेळांतला फरक ३/४ तास. मोठी वेळ आधी:

१५०/क्ष − १५०/(क्ष + १०) = ३/४

क्रम उलटला तर डावी बाजू ऋण होते आणि पुढे मुळंच मिळत नाहीत. हिशेब नको असेल तर एवढंच विचारा: हळू जाणाऱ्याला जास्त वेळ लागतो ना? मग तो पहिला.

डावीकडे अंशात १५०(क्ष + १०) − १५०क्ष = १५०० उरतं. कंस सोडताना १५० × १० विसरून नुसतं १० लिहिणं ही इथली नेहमीची चूक. आता १५००/(क्ष² + १०क्ष) = ३/४. तिरकस गुणाकार, ३(क्ष² + १०क्ष) = ६०००, म्हणजे

क्ष² + १०क्ष − २००० = ०
(क्ष + ५०)(क्ष − ४०) = ०

क्ष = −५० किंवा क्ष = ४०. वेग ऋण नसतो म्हणून −५० सोडलं, हे कारणासकट लिहा. नुसती काट मारली तर ती पायरी तपासणाऱ्याला दिसत नाही. उत्तर ताशी ४० किमी.

जाता जाता एक गंमत. सोडून दिलेल्या −५० मधला ५० हा नेमका वाढलेला वेग आहे. हा योगायोग नाही. मूळ वेग आणि ‘इतक्याने वाढवलेला’ वेग असं उदाहरण असलं आणि क्ष हा मूळ वेग असला की ऋण मूळ वाढलेला वेग दाखवतंच. आकडे जुळले नाहीत तर अवयव पाडताना कुठे तरी चिन्ह चुकलंय.

## दोन जागा जिथे तक्ताही फसवतो

सरासरी वेग. जाताना ताशी ३०, त्याच रस्त्याने येताना ताशी २०. सरासरी २५ नाही. अंतर ६० किमी धरून बघा: जाताना २ तास, येताना ३ तास, १२० किमीला ५ तास, म्हणजे ताशी २४. हळू वेगाने जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते. अंतर दिलेलं नसेल तर दोन्ही वेगांनी भाग जाणारं सोयीचं अंतर धरा, उत्तर बदलत नाही. दोन वेगांनी सारखा वेळ प्रवास झाला असेल तरच २५ बरोबर.

आगगाडी आणि पूल. गाडीचा वेग ताशी ५४ किमी. विजेचा खांब ओलांडायला १२ सेकंद, नदीवरचा पूल ओलांडायला ३० सेकंद लागतात. पूल किती लांब? ५४ × ५/१८ = १५ मी/से. खांब ओलांडताना गाडी स्वतःच्या लांबीइतकी सरकते: १५ × १२ = १८० मी. पूल ओलांडताना इंजिन पुलावर शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत मोजायचं, म्हणजे पूल अधिक गाडी: १५ × ३० = ४५० मी. पूल २७० मी. ‘पूल ४५० मी’ लिहिणाऱ्याने शेवटचे डबे पुलावरच सोडून दिले. समजत नसेल तर वहीच्या कडेवरून पट्टी सरकवून बघा. पट्टीचं मागचं टोक सुटेपर्यंत पुढचं टोक किती गेलं?

## टप्पा ८. ताळा समीकरणात नाही, उदाहरणात

मिळालेली किंमत स्वतःच मांडलेल्या समीकरणात टाकून पाहणं म्हणजे अर्धाच ताळा. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तरी तो जुळतो. म्हणून किंमत घेऊन मूळ उदाहरणाकडे परत जा आणि गोष्ट पुन्हा चालवून बघा.

- बंडी: ६ ते ८, दोन तास × ४ = ८ किमी. सायकल: अर्धा तास × १६ = ८ किमी. जुळलं.
- शाळा: ९ किमीला ताशी १२ ने ४५ मिनिटं, ताशी १५ ने ३६ मिनिटं. ४५ − ५ = ४० आणि ३६ + ४ = ४०. घंटेची वेळ दोन्हीकडून एकच आली.
- नाव: प्रवाहाबरोबर २४ किमीला ३ तास, विरुद्ध १६ किमीला ४ तास, एकूण ७.
- एसटी: १५०/४० = पावणेचार तास, १५०/५० = ३ तास, फरक पाऊण तास.

त्याच्याही आधी डोळ्यांनी एक चाळणी लावा. भरलेली बंडी ताशी तीन-चार किमी जाते, माणूस चालत पाचेक, सायकल बारा ते पंधरा. उत्तरात बंडी ताशी ४८ किमी पळाली किंवा पायी चालणारा पाऊण तासात तीस किमी गेला, तर ताळ्याची गरजच नाही. आधी मिनिटं आणि तास तपासा, मग क्षच्या पुढचं चिन्ह.

उत्तर पूर्ण वाक्यात, एककासह लिहा: ‘एसटीचा मूळ सरासरी वेग ताशी ४० किमी आहे.’

सरावाला वरची उदाहरणं आकडे बदलून स्वतः तयार करा, पण आधी उत्तर ठरवा आणि मग उदाहरण उलट बांधा. संथ पाण्यात ९ आणि प्रवाह ३ ठरवलात तर प्रवाहाबरोबर १२, विरुद्ध ६, मग अंतरं १२ आणि ६ च्या पटीत घ्या म्हणजे तास पूर्ण येतात. अशी चार उदाहरणं बांधून शेजारच्याला सोडवायला द्या. त्याचं उत्तर तुमच्याशी जुळलं नाही तर दोघांचे तक्ते शेजारी ठेवा आणि पहिला वेगळा रकाना कुठला ते बघा.